पोत्यावर बसणारी पोर

सरस्वतीबाई म्हणाल्या, "आजोबा, सोमवारपासून पाळणाघर सुरू होतंय. तोवर नातीची थोडी तयारी करून ठेवा." मी हो म्हणालो आणि बैल हाकत निघालो. अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात आलं की तयारी म्हणजे नेमकं करायचं काय? गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवायची तयारी मला कळते. साडेतीन वर्षांच्या पोरीची तयारी कशी करतात, ते आमच्यात कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मागं फिरून विचारायची लाज वाटली.

त्या साली पाऊस नावापुरता पडला. धारूरच्या डोंगरातल्या आमच्या जमिनीत पेरलेलंसुद्धा वर आलं नाही. लांबच्या मुलखातल्या कारखान्यांनी टोळ्या कमी नेल्या, म्हणून आमची टोळी जिल्ह्यातल्याच एका सहकारी कारखान्यावर आली. कालव्याच्या काठचा जेवढा ऊस जगला होता तेवढा तोडायचा. माझा मुलगा शहादेव आणि सून वत्सला, दोघं मिळून एक कोयता; तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्यात कोयताच म्हणतात. माझा गुडघा गेल्यापासून मी तोडणी सोडली होती. माझ्याकडं दोन कामं राहिली होती, एक बैलजोडी आणि दुसरी नात साखरा.

साखरा अशाच एका कारखान्याच्या तळावर, कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत जन्मली. शेजारच्या कोपीतल्या बायनाबाईनं नाळ कापली आणि नावही तिनंच ठेवलं.

ऊस तोडायच्या शेताला आम्ही फड म्हणतो. फडावर लहान लेकरांसाठी आमच्या लोकांची एक रीत आहे. लेकरू बसायला लागलं की बांधावर सावली बघून एक पोतं अंथरायचं आणि त्यावर त्याला ठेवायचं. पोतं हेच त्याचं घर. त्याच्या कडेबाहेर पाय टाकायचा नाही. यात कठोरपणा काही नाही. फडात माणसं वाकून कोयता चालवत असतात, त्यांना मागचं दिसत नाही. भरलेली गाडी मागं सरकते तेव्हा गाडीवानाला चाकाजवळचं दिसत नाही. पाचटात, तोडलेल्या उसाच्या वाळल्या पाल्यात, लेकरू झोपलं तर कुणालाच दिसत नाही. शेजारच्या टोळीतलं एक लेकरू असंच गेलं होतं. त्याच्या आईचा आवाज मी ऐकलेला आहे.

साखराला पोत्यावर बसायला मीच शिकवलं. तिचा पाय खाली आला की उचलून परत वर ठेवायचा. पुन्हा आला की पुन्हा ठेवायचा. मी तिला कधी मारलं नाही की ओरडलो नाही, फक्त ठेवत राहिलो. पुढं पुढं मी उसाचं सोललेलं कांडं पोत्यापासून हातभर लांब ठेवून बघायचो. ती बघायची, तोंडाला पाणी सुटायचं, पण उतरायची नाही. "आबा, दे," म्हणायची. टोळीतल्या बाया आपल्या लेकरांना दटावताना म्हणायच्या, "बघ ती साखरा! हाय का तुझ्यासारखी वळवळ?" मुकादम सुंदररावसुद्धा एकदा म्हणाला होता, "आसाराम, तुझी नात म्हंजी देवळातली मूर्ती हाय."

पण त्या साली पाण्याचे हाल झाले. बैलांसाठी कारखान्याचा एक हौद होता आणि त्यात टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता. शेकडो बैल रांगेत उभे. शिंगं, खुरं, ढकलाढकली. तिथं पोतं टाकायला जागा कुठली? माझा दिवस त्या रांगेत जायचा. मग साखराला आईबापासोबत फडात पाठवावं लागायचं आणि तिकडं तिच्यावर नजर ठेवायला कुणी मोकळं नसायचं. म्हणून पाळणाघराचं कळल्यावर वत्सलाला लई बरं वाटलं. कारखान्याच्या एका रिकाम्या गोदामात ते सुरू व्हायचं होतं. सरस्वतीबाई अंबाजोगाईहून त्याच कामासाठी आल्या होत्या.

रविवारी वत्सला भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आबा, पाळणाघरात काय करतेत लेकरं दिवसभर?"

"काय करणार? बसतेत असंल."

"शाळेत बी बसायलाच लावतेत की. आमच्या गावचा मास्तर तर सारखं, खाली बसा, खाली बसा."

"मग झालं तर. बसण्यात आपल्या पोरीचा हात कोण धरणार?"

दोघांनाही हायसं वाटलं. तयारी सापडली होती. मी एक नवं पोतं मधून कापलं, धुतलं, वाळवलं. वत्सलानं त्याच्या कडा शिवल्या आणि एका कोपऱ्यावर लाल चिंधीचं फूल लावलं. मी साखराला पाठ करून घेतलं. नाव काय? साखरा शहादेव. कुणाची टोळी? सुंदरराव मुकादमाची. आबा येईपर्यंत काय करायचं? पोत्यावर बसायचं.

बायनाबाई आपल्या कोपीच्या दारातून बघत होती. म्हणाली, "आसाराम भाऊ, नात पाळणाघरात चालली का सासरी? रुखवत लई जोरात हाय!"

"तू हास. सांच्याला बघ, बाई मला काय म्हणतेत."

सोमवारी गोदामात गेलो तर आत जत्रा भरलेली. कोण रडतंय, कोण धावतंय, कोण पाण्याच्या पिंपात हात घालतंय. मी भिंतीकडेला पोतं अंथरलं, साखराला बसवलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आबा, येणार?"

"येणार."

मी बाईंकडं बघितलं. इतक्या गोंधळात एक तरी लेकरू तयार होऊन आलंय, असं त्या म्हणतील असं वाटलं. त्यांचं लक्ष पिंपाकडं होतं.

संध्याकाळी गेलो. बाकीची लेकरं निघून गेली होती. साखरा सकाळी ठेवली होती तिथंच बसलेली. पोतं ओलं होतं. बाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आजोबा, ही दिवसभर उठली नाही. खिचडी दिली तर खाल्ली नाही. खेळायला बोलावलं, हात धरला, तर अंग जड करून बसून राहिली. शेवटी बसल्या जागी लघवी झाली तिला."

"कुणाला तरास दिला का?"

"त्रास? नाही हो. त्रास दिला असता तर बरं झालं असतं."

मला काही कळेना. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हिला नीट ऐकू येतं ना? कुठं दाखवलंय का कधी?"

माझं डोकं फिरलं. "ऐकू येतं म्हणूनच बसलीय बाई. बसायला सांगितलंय तिला."

"का?"

मी त्यांना फडातली रीत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं कोयता नाही, गाडी नाही. इथं तिनं उठलं पाहिजे. उद्या पोतं आणू नका."

घरी येऊन वत्सलाला सांगितलं. ती म्हणाली, "बसलेलं लेकरू चालत न्हाई? मग कसलं चालतं?" शहादेव जेवता जेवता थांबला. "आबा, बाईला काय पायजे ते नीट इचारलं का?"

"इचारलं. उठायला पायजे म्हणते."

"कावून?"

"ते न्हाई सांगितलं."

दुसऱ्या दिवशी पोतं न घेता गेलो. साखराचा हात सोडला त्या जागी ती उभी राहिली. खाली बघितलं. पोतं नव्हतं. बसावं की नाही ते तिला कळेना. मी दारातून बाहेर पडलो आणि तिनं किंकाळी फोडली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. रस्त्यावर बैल आपोआप थांबले. मी परत आत गेलो. बाईंनी तिला कडेवर घेतलेलं, ती पाठीमागं वाकलेली. "जा आजोबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिसलात की वाढतं." पोर मला बोलावत होती आणि बाई जा म्हणत होत्या. मी बैलांना घेऊन गेलो खरा, पण हौदावर माझा नंबर कधी आला आणि बैल कधी पाणी प्यायले, ते मला आठवत नाही.

संध्याकाळी पोरीचा आवाज बसला होता. बाई म्हणाल्या, "आठवडाभर बघू. पण जागा थोडी आहे आजोबा, दारात दुसरी लेकरं थांबलीत. ही रुळलीच नाही तर मला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. घरी तिला मोकळं सोडा. पळवा. तिच्याशी पळापळी खेळा."

मोकळं सोडायचं म्हणजे कुठं, हा प्रश्न होताच. तळावर गाड्या, चुली, कुत्री. शेवटी मी तिला कोपीमागच्या कोरड्या ओढ्यात नेलं. पाऊस नसल्यानं त्यात नुसती वाळू होती. तिला एका जागी उभं केलं आणि म्हणालो, "आता मी पळणार, तू मला धरायचं."

मी पळालो. म्हणजे माझ्या गुडघ्यानं जेवढं पळू दिलं तेवढं. मागं बघितलं तर साखरा वाळूत बसली होती.

"अगं, उठ! धर मला!"

"आबा, तू ये," ती म्हणाली.

मी परत आलो, तिला उठवलं, पुन्हा पळालो. ती पुन्हा बसली. मी झुडपामागं लपलो. बराच वेळ लपून राहिलो. तिनं शोधलं नाही की हाक मारली नाही. मी येणार हे तिला ठाऊक होतं. येईपर्यंत बसायचं, एवढंच.

काठावरून बायनाबाईचा आवाज आला. "आसाराम भाऊ! कुणाची शर्यत लागलीय? पोर तर हालली न्हाई, तुमीच पळताय!"

"तू ये खाली अन् पळव हिला."

"मी कशाला? मी तर लेकरं बसवायला शिकले. एवढी बसवली, एक बी हातचं गेलं न्हाई." मग तिचं हसू थांबलं. "खरं सांगू का भाऊ, मला तर काई कळंना. एवढं चांगलं शिकवलेलं मोडायचं कशाला?"

मीही वाळूत साखराच्या शेजारी बसलो. बायनाबाई बोलली ते खरं होतं. बाई बोलल्या तेही खरं असावं, कारण त्या पोरीसाठी कळवळून बोलत होत्या. दोन्ही खरं कसं असेल, ते मला जुळवता येत नव्हतं.

पुढच्या सकाळी मी पोतं घेऊनच गेलो. बाईंना म्हणालो, "रडून रडून मरंल पोर. बसू द्या आजचा दिवस." बाईंनी पोत्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं. अंथरा. पण भिंतीला नको, मधोमध."

त्या दिवशी टँकर सकाळीच आला होता, त्यामुळं मी लवकर मोकळा झालो. बैल बाभळीला बांधले आणि गोदामाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. साखरा मधोमध बसली होती आणि लेकरं तिला वळसा घालून धावत होती. एकाचा पाय पोत्यात अडकला. पोतं थोडं सरकलं. त्याला गंमत वाटली. त्यानं कोपरा धरून ओढलं. दुसऱ्या दोघांनी दुसरे कोपरे धरले. आणि पोतं साखरासकट फरशीवरून चाललं.

तिनं दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. डोळे मोठे झाले. मी दाराकडं निघालो. बाईंनी आतून मला बघितलं आणि हातानंच थांबवलं.

पोतं गोदामभर फिरलं. एक पोरगा बैलासारखा मान हलवायला लागला. दुसरा "हर्र हर्र" करायला लागला. साखरा हसली. पहिल्यांदा बारीक, मग मोठ्यानं. ती पोत्यावरच होती, तिनं काही मोडलं नव्हतं, आणि तरी ती सगळीकडं जात होती. एका कोपऱ्यात पोतं थांबलं. दुसरी एक बारकी पोरगी म्हणाली, "आता मी." साखरानं तिच्याकडं बघितलं. मग एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. ती बारकी पोरगी पोत्यावर बसली आणि माझ्या साखरानं कोपरा धरून ओढायला सुरुवात केली.

तिचा पाय खाली उतरला तेव्हा माझा हात खिडकीच्या गजातून पुढं गेला होता, तो उचलून परत ठेवायला.

त्यानंतर साखरा सुटली. खिचडी खायची, शू आली की बाईंचा पदर ओढायची. संध्याकाळी मला बघून धावत यायची. वत्सला खूश होती. बाई मला म्हणाल्या, "बघा, जमलं ना तयारी करायला?" मी नुसती मान हलवली. तयारी कुणी केली, कशी झाली, मला सांगता आलं नसतं.

मग एके दिवशी बाईंना बैठकीसाठी अंबाजोगाईला जावं लागलं आणि पाळणाघर बंद राहिलं. मी हौदावर. वत्सला साखराला पोत्यासकट फडात घेऊन गेली.

दुपारी मी बैल घेऊन फडाकडं आलो. लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जवळ आलो तेव्हा कळलं, कोयत्यांचा आवाज नव्हता. भरदुपारी फड थांबत नसतो. बाया हाका मारत होत्या. शहादेव भरलेल्या गाडीखाली आडवा होऊन चाकांमागं बघत होता. दोन माणसं पाचटाचा ढीग हातांनी उपसत होती. बांधावर जिथं पोतं टाकलेलं असायचं तिथं काहीच नव्हतं.

"साखरा कुठंय?"

वत्सलानं रिकाम्या बांधाकडं हात केला. बायनाबाई म्हणाली, "पोर गेली भाऊ, पोत्यासकट गेली. शेजारच्या कोयत्याचं बाळ बी न्हाई."

मी हाक मारली नाही. हाक मारली तर ती जिथं असेल तिथं बसून राहील, आणि ती कुठं बसलेली असेल ते मला ठाऊक नव्हतं. उभ्या उसाच्या कडेनं गाडीवाट जाते, त्या वाटेनं मी चालत सुटलो. वळणावर धुळीत काहीतरी ओढत नेल्याची रुंद खूण दिसली. पुढं साखरा होती. पोत्याचा कोपरा खांद्यावरून घेऊन, वाकून, ती ओढत होती. पोत्यावर ते बाळ मांडी घालून बसलं होतं आणि टाळ्या पिटत होतं. समोरून कारखान्यावर रिकामी होऊन परतणारी गाडी येत होती. गाडीवानानं कासरा ओढून बैल थांबवले होते आणि तो या गाडीकडं तोंड उघडं टाकून बघत होता.

"आबा, हर्र हर्र," साखरा म्हणाली.

शहादेव मागून धावत आला, त्याच्यामागं वत्सला. त्यानं हात उगारला. वत्सला मधे आली आणि तो हात तिच्या पाठीत बसला. सुंदरराव मुकादम लांबून ओरडला, "शहादेव, लेकरं सांभाळता येत न्हाईत का बे? अख्खा फड थांबलाय!"

संध्याकाळी कोपीत शहादेव म्हणाला, "उद्यापासून पाळणाघर बंद. पोर बिघडली. चांगली बसत होती."

"बिघडली न्हाई," वत्सला म्हणाली.

"मग काय झालं? गाडीखाली गेली असती तर?"

"तिथं उठू दिलं, इथं बी उठली. तिला काय ठाऊक दोन जागा येगळ्या हायत? आबा, तुमी सांगा, पोर बिघडली का सुधारली?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. मी टोळीतला जाणता माणूस. मी म्हणालो, "मला न्हाई कळत, वत्सला." शहादेवला वाटलं मी टाळतोय. मी टाळत नव्हतो.

वत्सलानं सांगून टाकलं, "पाळणाघर चालू असंल त्या दिवशी पोर तिथं जाईल. बंद असंल त्या दिवशी मी फडात येणार न्हाई. बैलं मी हौदावर नेते, आबा पोरीजवळ बसतील. तुम्ही एकटे तोडा."

"एकट्यानं कोयता होतो का? मुकादम काय म्हणंल?"

"म्हणू द्या. पण फडात ती आता येणार न्हाई. मला तिचं बसणं पुन्हा शिकवायचं न्हाई अन् तिला हुडकत बी फिरायचं न्हाई."

शहादेव उठून बाहेर गेला, बैलांपुढं उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकून आला आणि काही न बोलता झोपला. ते आमच्यात हो म्हणणंच असतं.

सकाळी पाळणाघर उघडणार होतं, म्हणून वत्सला कोयता घेऊन गेली. मी साखराचं तोंड धुतलं, केस विंचरले. म्हटलं, आता खरी तयारी करावी, समजावून सांगावं. तिला समोर घेतलं आणि म्हणालो, "हे बघ, बाईंकडं गेलं की पळायचं. कुठं बी पळायचं. पण फड दिसला, गाडी दिसली की जिथं असशील तिथं बसायचं. कळलं?"

तिनं मान हलवली. थोडा विचार केला. "बाईंकडं पळायचं."

"हां."

"फडात बसायचं."

"शाब्बास."

मग ती कोपीच्या दारात जाऊन उभी राहिली. बाहेर तळावर बैल, चुली, बाया, एक रिकामी गाडी उभी होती. तिचं एक पाऊल आत, एक बाहेर. माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "आबा, इथं?"

मी बाहेर बघितलं. गाडी उभी होती पण जुंपलेली नव्हती. कुत्रं झोपलं होतं. पुढच्या घटकेला काय असेल ते कुणी सांगावं? मी "बस" म्हणायला तोंड उघडलं आणि "पळ" म्हणायलाही उघडलं, आणि दोन्हीतलं काहीच आलं नाही. ती तशीच उभी, माझ्या तोंडाकडं बघत.

"थांब," मी म्हणालो. "जरा बघू दे."

ती थांबली. मी अजून बघत होतो.